मिसरूड फुटेपर्यंत

टाकीच्या पुढच्या काचेला बोटाच्या पेराएवढं एक पिल्लू चिकटलेलं आहे. तोंड काचेवर रुतवलेलं, फिकट पोट बघणाऱ्याकडे, शेपूट खाली. घरातलं कुणीतरी टॉर्च घेऊन वाकतं, मान तिरकी करतं, चष्मा पुसून पुन्हा बघतं. शोध एकाच गोष्टीचा चाललेला असतो: हा नर आहे की मादी?

माशाचं नाव ब्रिसलनोज, म्हणजे राठ केसांच्या नाकाचा. वयात आलेल्या नराच्या नाकाडावर आणि कपाळावर झुडपासारखे मांसल तंतू उगवतात, म्हणून हे नाव पडलं. असा नर ओळखायला टॉर्च लागत नाही की चष्मा. खोलीच्या दारातूनही तो कळतो. काचेवरच्या पिल्लाचं नाकाड मात्र गुळगुळीत आहे आणि त्याच्या सगळ्या भावंडांचंही तसंच आहे.

इथून पुढे एक गोष्ट अनेक घरांत जवळपास सारखीच घडते. दुकानातून चार पिल्लं आणली जातात. चौघांचीही तोंडं गुळगुळीत, तेव्हा चारही माद्या निघाल्या असं ठरतं आणि नर आणायला पुन्हा दुकान गाठलं जातं. एक मोठा मिशाळ नर टाकीत येतो. सहा-सात महिन्यांनी त्या चार ‘माद्यां’पैकी दोघींना मिशा फुटतात. तोवर विकत आणलेल्या नराने टाकीतली एकमेव गुहा बळकावलेली असते आणि रात्री काचेवर शेपट्या आपटल्याचे आवाज येऊ लागतात. पाहणाऱ्याने नीट पाहिलं नव्हतं असं नाही. गुळगुळीत तोंड ही मादीची खूण समजली गेली. ती बालपणाची खूण होती.

मराठीत मुलाच्या वयाचा हिशेब मिसरूड फुटण्यावरून करतात. या माशाला तो शब्द जवळजवळ अक्षरशः लागू पडतो. मुलाची मिसरूड तो मुलगा आहे हे माहीत झाल्यावर कितीतरी वर्षांनी येते. या माशात ती येईपर्यंत ‘मुलगा’ म्हणायची छातीच होत नाही.

‘सकर’ नावाचे दोन मासे

नर-मादीच्या आधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: टाकीत आहे तो ब्रिसलनोज तरी आहे का?

मुंबई-पुण्याच्या दुकानांत काचेला चिकटणाऱ्या कुठल्याही माशाला ‘सकर’ म्हणतात. शेवाळ खातो, काच साफ ठेवतो, एवढी ओळख पुरेशी मानली जाते. पण या एका नावाखाली निदान दोन वेगळे मासे विकले जातात. एक ब्रिसलनोज, जो दहा ते पंधरा सेंटिमीटरवर थांबतो. दुसरा शिडासारख्या पाठपराचा टेरिगोप्लिक्थिस, जो लहानपणी तितकाच गोंडस असतो आणि पुढे ४० सेंटिमीटरच्याही वर जातो. त्याला मिशा कधीच फुटत नाहीत. ज्यांनी वर्षभर मिशांची वाट पाहिली आणि शेवटी हातभर लांबीचा मासा पदरात पडला, त्यांच्या टाकीत हा दुसरा सकर होता.

पिल्लं लहान असतानाही या दोघांना वेगळं करता येतं. पाठीवरचा पर ताठ उभा राहिला की त्यातले किरण मोजायचे. ब्रिसलनोजमध्ये पुढच्या काट्यामागे साधारण सात मऊ किरण असतात, टेरिगोप्लिक्थिसमध्ये दहा किंवा त्याहून जास्त. शिवाय ब्रिसलनोजचं डोकं रुंद आणि बसकं असतं. वरून पाहिलं तर डोक्याच्या बाजूने तो भरलेला आणि शेपटीकडे निमुळता दिसतो.

ही मोजणी केवळ घरच्या टाकीपुरतीच महत्त्वाची नाही. मोठा झालेला टेरिगोप्लिक्थिस टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत तो ठाण मांडून बसला आहे आणि आपल्याकडे भीमेवरच्या उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही तो येऊ लागला आहे. त्याच्या परांचे काटे जाळं फाडतात आणि बाजारात त्याला भाव नाही. दुकानाच्या काउंटरवर पाठीवरचे किरण मोजायला लागणारं अर्धं मिनिट म्हणूनच वाया जात नाही.

ब्रिसलनोजचं शास्त्रीय कुळ सांगायचं तर अँसिस्ट्रस हा त्याचा वंश. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्नेर यांनी १८५४ मध्ये या वंशाला हे नाव दिलं. ते ग्रीक भाषेतल्या ‘गळ’ या शब्दावरून घेतलेलं आहे, कारण माशाच्या गालावर गळासारखे वाकडे काटे असतात. म्हणजे नाव देणाऱ्याने मिशांऐवजी गाल पाहिला होता. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. अँसिस्ट्रसच्या सत्तरहून अधिक जाती दक्षिण अमेरिकेत आणि पनामात आढळतात. ज्या कुटुंबात हा वंश मोडतो ते लोरिकॅरिइडी कुटुंब मागूर आणि शिंगाळ्यांच्या मोठ्या गोतावळ्यातलं सर्वांत भरलेलं घर आहे. सुमारे हजार जातींचं. या कुटुंबातल्या माशांना खवले नसतात. त्यांच्या अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत असतं.

शिंगाळ्यासारख्या माशांना तोंडाशी मिशा असतातच. ब्रिसलनोजलाही आहेत, ओठांच्या दोन कोपऱ्यांत आखूड दोन, आणि त्या नर-मादी दोघांना जन्मापासून असतात. नाकाडावर उगवणारे तंतू या मिशांहून वेगळे. नवखा पाळणारा कधीकधी ओठांच्या कोपऱ्यातलं टोक पाहून नर सापडल्याचा आनंद साजरा करतो. म्हणून सुरुवातीलाच नजर तोंडावरून उचलून नाकाडाच्या वरच्या बाजूला नेलेली बरी.

गाल, काटा आणि कपाळ

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या पिल्लात पाहण्यासारखं काहीच नसतं. दुकानदाराने कितीही खात्रीने ‘ही जोडी आहे’ म्हटलं तरी त्या लांबीच्या पिल्लांची जोडी कुणालाच लावता येत नाही. रंग उपयोगाचा नाही, ठिपके उपयोगाचे नाहीत. आकारही फसवतो, कारण अंड्यांच्या एकाच घोसातली भावंडं खाण्याच्या चढाओढीत मागेपुढे होतात. दांडगाई करणारं पिल्लू नरच असेल असंही नाही. काकडीच्या चकतीवर सगळेच दांडगे होतात.

तीन ते पाच सेंटिमीटरच्या टप्प्यात पहिली कुजबुज ऐकू येते, आणि ती कपाळावर नसते, गालावर असते. कल्ल्याच्या झाकणाखाली काट्यांचा एक झुबका दडलेला असतो. हे काटे म्हणजे अंगावर उगवलेले दात आहेत, आणि हे उपमेपुरतं नाही: त्यांच्यात दातांसारखाच डेंटिनचा थर आणि आत गाभा असतो. मासा चिडला की हा झुबका बाहेरच्या बाजूला फुलतो. झुबका नर-मादी दोघांना असतो, पण वाढत्या नरात तो जास्त लांब आणि दाट होत जातो. तसेच दात छातीजवळच्या परांच्या पहिल्या जाड काट्यावरही असतात. नरात हा काटा खरखरीत ब्रशसारखा दिसू लागतो, मादीत तुलनेने साफ राहतो.

इथे ‘तुलनेने’ हा शब्द सोडून चालत नाही. एकट्या पिल्लाचा गाल बघून काही ठरत नाही. एकाच घोसातली, सारख्या लांबीची पाच-सहा पिल्लं शेजारी शेजारी पाहिली तरच फरक कळतो. त्यासाठी रात्रीची वेळ चांगली. दिवे मालवून तासाभराने वजन बांधलेली काकडीची चकती तळाशी सोडली की सगळी पिल्लं तिच्याभोवती गोळा होतात, डोकी आत आणि शेपट्या बाहेर, पंगतीला बसल्यासारखी. मंद टॉर्च वरून धरला की डोक्यांची रुंदी आणि परांचे काटे एका नजरेत तुलनेला मिळतात.

पाच सेंटिमीटरच्या आसपास, चांगलं खाणं आणि चोवीस ते सव्वीस अंशांचं पाणी मिळालं तर साधारण सहा महिन्यांच्या सुमारास, नराच्या नाकाडावर बारीक उंचवटे दिसू लागतात. पुरळ उठावं तसे. पुढच्या काही आठवड्यांत ते लांबतात आणि त्यांचे तंतू होतात. काहींना फाटे फुटतात. आता प्रश्न सुटला असं वाटतं, पण इथे आणखी एक चकवा आहे. वयात आलेल्या मादीलाही नाकाडाच्या अगदी कडेने आखूड तंतूंची झालर येऊ शकते. तंतू आहेत की नाहीत हे पुरेसं ठरत नाही. ते कुठे आहेत ते पाहावं लागतं. मादीची झालर ओठाच्या वरच्या काठावर थांबते. नराचे तंतू काठ सोडून मध्यभागातून वर चढतात आणि डोळ्यांच्या दिशेने इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दुभागतात. नऊ सेंटिमीटरच्या माशाला नुसती काठाची झालर असेल, तर तो अर्धवट वाढलेला नर समजून वाट पाहण्यात अर्थ नाही. ती मादी आहे.

पोटाकडूनही काही सांगता येतं, पण उशिरा. अंड्यांनी भरलेली मादी वरून पाहिली की छातीच्या परांमागे रुंद होत जाते आणि काचेवर बसली की पोट फुगीर दिसतं. नराचं अंग डोक्याशी सर्वांत रुंद असतं. गुदद्वारामागचा उंचवटा नरात टोकदार आणि मादीत रुंद, गोलसर असतो. सराव झालेले पाळणारे त्यावर भरवसा ठेवतात. मात्र तो नीट दिसू लागतो तोवर नराचं नाकाडही बोलू लागलेलं असतं.

वाढ मंदावली की हे सगळं वेळापत्रक पुढे सरकतं. दाटीवाटीत, थंड पाण्यात किंवा अपुऱ्या खाण्यावर वाढलेलं पिल्लू वर्षाचं होऊनही चार सेंटिमीटरवर अडलेलं असू शकतं. त्याचा वाढदिवस मोजून उपयोग नाही, पट्टी लावून लांबी मोजावी. टाकीत एक दांडगा नर असेल तर दुसऱ्याच्या मिशा खुरटलेल्या राहतात आणि त्याला वेगळं ठेवलं की त्या भराभर वाढतात, असा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पांढऱ्या-पिवळ्या अल्बिनो पिल्लांत अडचण निराळी: फिकट नाकाडावर फिकट उंचवटे उठून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी काळी पार्श्वभूमी आणि बाजूने तिरपा पडणारा प्रकाश लागतो.

एवढं असूनही ब्रिसलनोज पाळणारे नशीबवान म्हणायचे. ब्राझीलच्या शिंगू नदीतल्या हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चुलतभावाला नाकाडावरच्या मिशा येतच नाहीत. १९९१ मध्ये शास्त्राला ओळख झालेला हा मासा जगभरच्या शौकिनांना हवाहवासा वाटतो, आणि त्याच्या मोठ्या माशांच्याही नर-मादीवरून वाद होतात, कारण हाताशी असतात फक्त गालाचे काटे आणि डोक्याची ठेवण.

बाप असल्याची खूण

मिशा इतक्या उशिरा का येतात? याचं उत्तर त्या कशासाठी आहेत यात शोधावं लागतं, आणि त्यासाठी टाकीतल्या गुहेत डोकवावं लागतं.

या माशांच्या जगात गुहेला फार मोल आहे. अमेरिकी परिस्थितिशास्त्रज्ञ मेरी पॉवर यांनी पनामातल्या रिओ फ्रिहोलेस या ओढ्यात चिलखती माशांचा अभ्यास केला. अँसिस्ट्रस स्पायनोसस त्यांपैकी एक. ओढ्याच्या उथळ कडांना शेवाळाचे हिरवेगार पट्टे तसेच राहिलेले त्यांना दिसले. खोल पाण्यातले दगड मात्र चरून साफ झालेले होते. पोटभर खाणं उथळात असूनही मासे तिकडे फिरकत नव्हते, कारण उथळात बगळे आणि खंड्ये टिपून घेतात. १९८४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. भूक सोसावी पण आडोसा सोडू नये, हा या माशाचा स्वभाव आहे. घरच्या टाकीत कुणी बगळा येत नाही, तरीही दिवसभर तो लाकडाखाली दडून राहतो तो याच स्वभावाने.

नर वयात आला की एक पोकळ जागा धरतो. लाकडातली ढोली, दगडांमधली फट, टाकीत असेल तर नारळाची करवंटी किंवा मातीची नळी. ती तो तोंडाने घासून स्वच्छ करतो. मादी आत येते, नारिंगी रंगाच्या चिकट अंड्यांचा घोस छताला किंवा भिंतीला लावते आणि निघून जाते. घोसात काही डझनांपासून शंभराहून अधिक अंडी असतात. पुढचं सारं बापाचं काम. तो दारात शेपूट आणि छातीचे पर हलवत बसतो, अंड्यांवरून ताजं पाणी खेळतं ठेवतो, खराब झालेलं अंडं उचलून टाकतो आणि शेजाऱ्याने नाक खुपसलं तर गालाचे काटे फुलवतो. साधारण पाच-सहा दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांच्या पोटाला मोठी पिवळी बलकाची पिशवी असते आणि जन्मतःच चिकटणारं तोंड. ती गुहेच्या भिंतीला धरून शेपट्या वळवळवत लोंबकळतात. पिशवी संपायला आणखी आठवडाभर लागतो, तोवर बाप बाहेर खायलाही क्वचितच पडतो.

आता मादीच्या बाजूने विचार करायचा. तिला अंडी एका अनोळखी नराच्या हवाली करायची आहेत. तो राखण करील की अंडी खाऊन टाकील? ज्याच्या गुहेत आधीच पिल्लं वळवळताहेत तो नर बाप म्हणून पारखलेला आहे. जिथे बाप पिल्लं सांभाळतो अशा अनेक माशांमध्ये माद्या अशाच भरल्या घरट्याकडे वळतात. पण मग पहिल्यांदाच घर मांडणाऱ्या नराकडे कुणी का यावं?

१९९९ मध्ये मार्क सबाज, जोनाथन आर्मब्रस्टर आणि लॉरेन्स पेज या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञांनी यावर एक देखणी कल्पना मांडली. नराच्या नाकाडावरचे तंतू म्हणजे पिल्लांची नक्कल आहे. गुहेच्या अंधाऱ्या दारात पाण्याच्या लहरींनी हलणारे ते मऊ तंतू भिंतीला लोंबकळणाऱ्या वळवळत्या पिल्लांसारखे दिसतात. रिकाम्या गुहेतला नरही त्यामुळे लेकुरवाळा भासतो आणि मादीचा विश्वास कमावतो.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. आफ्रिकेतल्या काही सिक्लिड माशांच्या नरांच्या गुदपरावर अंड्यांसारखे गोल ठिपके असतात. जर्मन वर्तनशास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये ते नकली अंडी असल्याचं मांडलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या फॅनटेल डार्टर या चिमुकल्या माशाच्या नराच्या पाठपराच्या टोकांना अंड्यांसारख्या गाठी असतात, आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माद्यांनी अशा गाठी असलेल्या नरांना पसंती दिली. त्या माशांमध्ये नक्कल अंड्यांची आहे. ब्रिसलनोजच्या चेहऱ्यावर, सबाज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या मते, पिल्लंच उगवतात.

एवढं समजलं की काचेवरच्या गुळगुळीत पिल्लाचा अर्थ बदलतो. मिशा नर असण्याची खूण आहेत, पण त्याहून नेमकं म्हणजे बाप होण्याची तयारी झाल्याची खूण आहेत. चार सेंटिमीटरच्या पोराला गुहा राखायची नाही, मादीला बोलवायचं नाही. उलट कुणीही कुरतडावं असे मऊ तंतू चेहऱ्यावर वागवणं त्याला महागच पडेल. गालाचे काटे आधी दिसू लागतात, कारण भांडणं बापपणाच्या आधी सुरू होतात.

रक्तातली खूण

बाहेरून दिसत नसेल तर आतून तपासावं, असं सहज मनात येतं. माणसात एक्सवाय म्हणजे पुरुष, एक्सएक्स म्हणजे स्त्री. पेशीतली गुणसूत्रं पाहिली की काम झालं. माशांतही तसं करता येईल?

अँसिस्ट्रसने या प्रश्नावर संशोधकांना चकित करून सोडलं आहे. ब्राझीलमध्ये, विशेषतः मनौस इथल्या अमेझॉन संशोधन संस्थेत, या वंशाच्या कितीतरी जातींची गुणसूत्रं मोजली गेली. एका जातीत ती ३४ भरली, दुसरीत ५४, आणि बाकीच्या जाती मधल्या आकड्यांवर विखुरलेल्या. एवढ्या जवळच्या नात्यात इतका फरक क्वचितच सापडतो. त्याहून नवलाची गोष्ट लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची. काही जातींत माणसासारखी एक्सवाय पद्धत आहे. तिथे लिंग बापाकडून ठरतं. काहींत नराला वाय नाहीच, एक एक्स कमी म्हणजेच नर. काही जातींत कोंबड्यांसारखी झेडडब्ल्यू पद्धत आहे, जिथे दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात आणि लिंग आईकडून ठरतं. आणि काहींत दोनाऐवजी तीन-चार गुणसूत्रं मिळून हा कारभार चालवतात. एकाच वंशातल्या एका जातीत बाप ठरवतो, शेजारच्या जातीत आई.

म्हणजे ‘ब्रिसलनोजची लिंगचाचणी’ अशी एक चाचणी साऱ्या वंशाला लावता येणार नाही. त्यातून दुकानातल्या नेहमीच्या तपकिरी ब्रिसलनोजची जातच वादातली आहे. त्याला बरेचदा अँसिस्ट्रस सिर्होसस म्हणून विकतात. पण ते नाव मुळात पाराना नदीच्या खोऱ्यातल्या माशाचं, आणि टाक्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला मासा तोच आहे असं तज्ज्ञ मानत नाहीत. अनेक जाणकार त्याला जातीचं नाव न लावता नुसता क्रमांक लावतात. नाव नसलेल्या माशांना क्रमांक देण्याची ही रीत या छंदात रुळलेली आहे: १९८८ मध्ये एका जर्मन मासिकाने लोरिकॅरिइडी माशांसाठी ‘एल’ क्रमांक सुरू केले आणि आज एल १४४, एल १८३ अशी नावं जगभर चालतात.

पिल्लाचं लिंग ठरलेलं मात्र असतं. क्लाउनफिशसारखी या माशात नराची मादी होत नाही. जे आज दिसत नाही ते पुढे बदलणारही नाही.

सहा पिल्लांचं गणित

मग जोडी हवी असलेल्याने काय करायचं? त्याने डोळ्यांवरचा भार हलका करून थोडा हिशेबावर टाकायचा.

नर आणि मादी सारख्याच प्रमाणात जन्मतात असं धरलं, तर दोन पिल्लं आणल्यावर त्यांत एक नर आणि एक मादी असण्याची शक्यता निम्मी. तीन आणली तर निदान एक-एक असण्याची शक्यता चारात तीन. चार आणली तर आठात सात, पाच आणली तर सोळात पंधरा आणि सहा आणली तर बत्तीसात एकतीस. तीन सेंटिमीटरच्या पिल्लांत पारख करत दुकानात तासभर उभं राहण्यापेक्षा सहा पिल्लं आणणं खात्रीचं ठरतं. ती एकाच घोसातली नसावीत, म्हणजे पुढे भावंडांचीच जोडी जमणार नाही. तीन-तीन पिल्लं दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतली तर हे साधतं.

सहाही पिल्लं त्या टाकीत कायमची राहणार नाहीत हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. प्रत्येक मोठ्या नराला स्वतःची गुहा आणि तिच्याभोवती थोडी हद्द हवी असते. ओळख पटली की एक नर आणि दोन माद्या ठेवून बाकीचे मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला देणं सोयीचं. पिल्लं देताना लिंग न सांगता वय आणि लांबी सांगणारा विक्रेता नेमकी माहिती देत असतो.

वाट पाहण्याच्या काळात नोंद ठेवली तर तो काळ कंटाळवाणा राहत नाही. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिल्लू पाण्यासकट एका पारदर्शक चौकोनी डब्यात घ्यायचं, डब्याखाली मोजपट्टी ठेवायची आणि वरून, बाजूने व खालून असे तीन फोटो काढायचे. पकडायला जाळी वापरायची नाही. गालाचे काटे जाळीच्या दोऱ्यांत अडकतात, मासा झटापट करतो आणि सोडवताना त्याला इजा होते. डब्यानेच अलगद घ्यायचं. अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक पिल्लाची वेगळी असल्यामुळे फोटोत कोण कोण ते ओळखता येतं. चार महिन्यांचे फोटो ओळीने मांडले की जे त्या त्या दिवशी डोळ्यांना दिसलं नव्हतं ते दिसतं: या पिल्लाचं डोकं रुंदावत गेलं, त्या पिल्लाच्या छातीच्या काट्यावर दात दाटत गेले, आणि मागच्या पंधरवड्यात ज्याला आपण काचेवरचा बुडबुडा समजलो तो नाकाडावरचा पहिला उंचवटा होता.

त्यानंतर फार दिवस लागत नाहीत. उंचवट्यांचे तंतू होतात, तंतूंना फाटे फुटतात, आणि एका सकाळी तो मासा लाकडाखालची नेहमीची जागा सोडून करवंटीत शिरलेला दिसतो. तोंड आत, शेपूट दारात. तीन-चार दिवस तो आतली भिंत घासतो. मग पोटाने जड झालेली एक गुळगुळीत नाकाडाची मासोळी करवंटीच्या आसपास घुटमळू लागते, दारापर्यंत येते, मागे फिरते, पुन्हा येते. आतला नर वळून दाराशी येतो. पाण्याच्या पंपाच्या लहरींनी त्याच्या चेहऱ्यावरचे तंतू हलत असतात.